पत्र्याखालच्या कोंबड्या

२०२४ च्या एप्रिलमध्ये आमच्या दोन कोंबड्या एकाच दुपारी मेल्या. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. माझ्यात आणि कोंबड्यांमध्ये फक्त एका जिन्याचं अंतर होतं, तरी मला पत्ता लागला नाही. साडेचारचा कॉल संपवून गच्चीवर गेले, तर दोघी पंख पसरून, चोच उघडी टाकून आडव्या पडल्या होत्या. बाकीच्या पाच भिंतीला चिकटून धापा टाकत होत्या.

दिघीतलं आमचं घर दोन खोल्या खाली, दोन खोल्या वर आणि त्यावर अर्धी गच्ची पत्र्याची, असं आहे. आज्जी लॉकडाउननंतर गावाहून कायमची आमच्याकडे आली आणि रिकामं बसवेना म्हणून तिने कोंबड्या पाळल्या. आधी त्यांचं खुराडं घरामागे कडुनिंबाखाली होतं. हिवाळ्यात मांजराने एक कोंबडी नेली, तेव्हा मी ते खुराडं गच्चीवर हलवलं. वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी, पाण्याला प्लॅस्टिकचा डबा. माझ्या दृष्टीने एकदम सुरक्षित. त्या दिवशी बाराच्या सुमारास त्या मलूल दिसल्या, म्हणून मी प्रेमाने दोन मुठी जास्तीचं खाद्यही टाकलं होतं.

आज्जी गुडघे धरत जिना चढून वर आली. तिने मेलेल्या कोंबड्यांकडे पाहिलं, मग हात वर करून पत्र्याला बोटं लावली आणि चटकन काढली.

"ऊन न्हाई मारलं ह्यांला, लेकरा. पत्र्यानं मारलं."

मला तेव्हा ते नुसतं म्हाताऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. पण अपराधी वाटत होतं, म्हणून मी वाचायला लागले. कोंबडी उन्हाने का मरते, इथून सुरुवात केली आणि छपरांच्या इतिहासात जाऊन पोचले. आज्जीचं वाक्य बरंचसं बरोबर निघालं.

कोंबडीला घाम येत नाही

आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सियस असतं, कोंबडीचं साधारण ४१. अंगावर पिसांची रजई असते आणि घामाच्या ग्रंथी नसतात. हवा थंड असेल तोवर तिचं काम सोपं असतं: तुरा, गळ्याखालचे लोंबते लाल गलोल आणि उघडे पाय यांतून उष्णता बाहेर जाते. ती पंख अंगापासून दूर धरते, ओलसर मातीत पोट टेकून बसते.

पण हवाच चाळिशीला पोचली की शरीर आणि हवा यांच्यातला फरक जवळपास संपतो. मग एकच वाट उरते, धाप टाकण्याची. तोंडातून आणि श्वसनमार्गातून पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेबरोबर उष्णता बाहेर टाकायची. पण धाप टाकायला स्नायू लागतात आणि स्नायू पुन्हा उष्णता तयार करतात. शिवाय त्या धापेबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो, रक्ताचं रसायन बिघडतं आणि अंड्याच्या कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. आज्जी मार्चपासूनच म्हणत होती की अंडी हातात घेतली की फुटतात. मी ते कॅल्शियमवर ढकललं आणि शिंपल्यांचा चुरा मागवला. कोंबड्या महिनाभर आधीपासून सांगत होत्या, आम्हाला समजलं नाही.

माझं दुपारचं खाद्यही त्यांना महागात पडलं. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी शिगेला पोचते. बाराला दिलेल्या दाण्यांची उष्णता नेमकी दुपारच्या सगळ्यात वाईट वेळेवर येऊन पडली. मेल्या त्या दोघी टेम्पोवाल्याकडून घेतलेल्या, वजनदार, सुधारित जातीच्या होत्या. गावाकडून आणलेल्या सडपातळ गावरान पाचही जगल्या. अंग जितकं मोठं आणि वाढ जितकी वेगाची, तितकी आतली भट्टी मोठी.

सावलीतला पक्षी

कोंबडी मुळात उन्हातली नाहीच. तिचा पूर्वज, लाल रानकोंबडा, बांबूच्या बेटांत आणि झुडपांच्या सावलीत राहणारा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली आहेत. माणसाने भात आणि भरडधान्यं पेरली, दाणे सांडले आणि रानकोंबड्या झाडांवरून वस्तीजवळ आल्या, असं हे संशोधक मांडतात. म्हणजे आपण तिला पकडून आणलं असेलच असं नाही. ती दाण्यांसाठी आली आणि सावलीजवळ राहिली.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. घाटात एक वेगळा, राखी रानकोंबडा राहतो. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशावरून त्याचं शास्त्रीय नाव ठेवलंय. २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून असं दिसलं की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या पायांचं आणि पिवळ्या कातडीचं जनुक लाल रानकोंबड्याकडून आलेलं नाही, ते या राखी रानकोंबड्याकडून आलंय. जगभरच्या पोल्ट्रीत पिवळ्या पायाची कोंबडी दिसते, तिच्या रक्तात दक्षिण भारतातल्या रानाचा थोडा अंश आहे.

हा रानकोंबडा दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत नोंदवणारा माणूसही गमतीशीर आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला आकडेवारी गोळा करायच्या कामावर नेमलं आणि तो पुण्याच्या आसपासचा मुलूख पालथा घालू लागला. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, १८३५ मध्ये दख्खनच्या हवामानावर मोठा निबंध. पक्षी आणि ऊन, दोन्हींची नोंद एकच माणूस ठेवत होता. मात्र त्याच्या यादीतला कोंबडा रानातला होता. घराघरांत पाळलेल्या कोंबडीच्या उन्हाळ्याची नोंद ठेवण्याचं काम कुठल्या सरकारी माणसाचं नव्हतं. ती नोंद बायकांच्या सवयींमध्ये राहिली.

माळवद

आज्जीचं गाव आताच्या धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात. तिचं लग्नानंतरचं घर माळवदाचं होतं. दगडमातीच्या जाड भिंती, वर सागाच्या नाहीतर बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर जाडीचा मातीचा थर. अशा छपराचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. माती दुपारचं ऊन पिते आणि ते आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर घरातले सगळे माळवदावर झोपायला गेलेले असतात. उष्णता खाली, माणसं वर, उघड्या आभाळाखाली.

कोंबड्यांसाठी वेगळी इमारत नव्हतीच. रात्री तुराट्यांच्या डाल्याखाली झाकायचं. डालं विणलेलं असल्यामुळे आत अंधार, पण वारा खेळता. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' ही म्हण आपण राजकारणावरच्या लेखांत वापरतो, पण ती ज्या वस्तूवरून आली ते डालं माझ्या पिढीतल्या फार कमी जणांनी पाहिलं असेल. दिवसा कोंबड्या मोकळ्या असायच्या. मी आज्जीला विचारलं, मग उन्हाळ्यात तू काय करायचीस?

"मी काय करणार? त्याच करायच्या. आपुन फकस्त आडवं जायचं न्हाई."

खोदून विचारल्यावर मात्र एकेक गोष्ट निघत गेली. दाणे सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी ऊन कलल्यावर, मधे नाही. पाणी मातीच्या परळात, दिवसातून तीनदा बदललेलं. रांजणाखालची पाझरलेली ओली माती आणि न्हाणीच्या पाण्यावरचं अळू, ही कोंबड्यांची दुपारची जागा. तिथून त्यांना कोणी हुसकायचं नाही. गोठ्याच्या कडेला राखेचा ढीग, लोळायला. चैत्र-वैशाखात कोंबडी खुडूक बसली तरी तिच्याखाली अंडी ठेवायची नाहीत. ती बसून बसून वाळते आणि अंडी गंदी होतात. फार तलखी असली की पाण्यात कांदा चेचून टाकायचा. कांद्याचं सोडलं, तर यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीमागचं कारण मला आता पाठ्यपुस्तकाच्या भाषेत सांगता येतं. तिला ते पुस्तक लागलं नाही.

आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली. अंड्यांचे पैसे तिचे असायचे. ज्वारीचे आजोबांचे, दुधाचे सासूचे. कोंबडी उन्हाने मेली की नुकसान बाईचं व्हायचं, म्हणून काळजीही बाईच घ्यायची.

पत्रा कुठून आला

नागमोडी पत्र्याचा जन्म लंडनच्या गोदीतला. हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंजिनिअरने १८२९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लोखंडाच्या पातळ पत्र्याला वळ्या पाडल्या की तो स्वतःचं वजन पेलतो, खाली फारसं लाकूड लागत नाही. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने जस्ताचा मुलामा द्यायची पद्धत पेटंट केली, त्यामुळे गंजाचाही प्रश्न बराचसा सुटला. हलका, स्वस्त, जहाजात एकावर एक रचून नेता येणारा. बंदरं, रेल्वे, छावण्या, गोदामं यांच्याबरोबर तो जगभर गेला. तो ज्या देशात तयार झाला तिथला मोठा त्रास पाऊस होता, ऊन नव्हतं.

पत्रा ऊन अडवतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो फक्त उजेड अडवतो. पातळ धातू काही मिनिटांत तापतो आणि तीच उष्णता खालच्या बाजूने उत्सर्जित करायला लागतो. कडुनिंबाखाली बसलेल्या कोंबडीवर पान असतं, त्या पानातून पाण्याची वाफ होत असते आणि पान हवेपेक्षा फार तापत नाही. पत्र्याखाली बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावर एक मंद तवा असतो.

एवढं कळल्यावर मी पत्र्याला खलनायक ठरवून मोकळी झाले होते. आज्जीने तेही होऊ दिलं नाही.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि पहाटे चारच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यांतली बरीच माणसं मारली ती भिंतींनी आणि माळवदांनी. जी जाड माती उन्हापासून वाचवत होती, तीच झोपेत अंगावर आली. आज्जीचं गाव सास्तूरपासून फार लांब नाही. त्यांच्या घराच्या दोन भिंती फाटल्या, माणसं वाचली. त्यानंतर कित्येक महिने आजूबाजूच्या गावांत लोक तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. आजोबांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर माळवदाची माती खाली ओढली आणि वर पत्रे टाकले.

"पत्र्याखाली उकडायचं," आज्जी म्हणाली, "पर झोप लागायची."

हे वाक्य ऐकल्यावर माझा पत्र्यावरचा राग उतरला. पत्रा घरात येतो तेव्हा कशाची तरी भीती मागे सोडून येतो. गावात ती मातीच्या ओझ्याची होती. माझ्या गच्चीवर मांजराची.

दिघी

पप्पा भूकंपानंतर दोन वर्षांनी पुण्याला आले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चं. त्यानंतर भोसरी-पिंपरी-चिंचवडचा माळ बघता बघता कारखान्यांनी भरला आणि १९९० च्या दशकात मराठवाड्यातल्या पोराला तिथे हेल्पर म्हणून काम मिळणं अवघड नव्हतं. राहायला दिघी स्वस्त पडायची. एका बाजूला लष्कराची हद्द, दुसरीकडे आळंदीचा रस्ता. १९९७ मध्ये दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. माझा जन्मही त्याच वर्षीचा.

मला आठवतं तसं लहानपणी आमच्या गल्लीत बाभळी, कडुनिंब आणि कोणाकोणाच्या कोंबड्या होत्या. आषाढी वारीत माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला जाताना दिघीवरून जाते, तेव्हा वारकरी रस्त्याकडेच्या झाडांखाली टेकायचे. अर्ध्या-एक गुंठ्याच्या प्लॉटवर आधी पत्र्याची खोली, मग स्लॅब, मग स्लॅबवर पुन्हा पत्रा, असं गाव वर चढत गेलं. आमच्यामागचा कडुनिंबही आता अर्धाच उरलाय. शेजारच्या तिसऱ्या मजल्याला त्याच्या फांद्या आड येत होत्या.

उन्हाचं म्हणाल, तर पुण्याच्या जुन्या नोंदींत ३० एप्रिल १८९७ ला ४३.३ अंश आहेत. २८ एप्रिल २०१९ ला पारा ४३ वर गेला. याचा अर्थ हवामान बदललेलं नाही असा नाही. पण एखाद-दुसरी भाजून काढणारी दुपार या मुलखाला नवी नाही. १८९७ च्या कोंबडीकडे त्या दुपारी जायला झाड, गोठा आणि ओली माती होती. माझ्या कोंबड्यांकडे चार भिंती जाळी होती.

पुण्यातल्या दुसऱ्या कोंबड्या

गंमत अशी की कोंबडीला थंड ठेवायचं शास्त्र ज्या शहराला सगळ्यात चांगलं ठाऊक असावं, त्याच शहराच्या कडेला मी राहते. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, म्हणजे टीव्हीवरच्या अंड्याच्या जाहिरातींमुळे आपल्याला माहीत असलेली एनईसीसी. अंड्याचा भाव व्यापाऱ्याने नव्हे तर शेतकऱ्याने ठरवायचा, हा तिचा मुद्दा होता. परसातला जोडधंदा इथे उद्योग झाला.

उद्योगात कोंबडी मेली की तोटा वहीत दिसतो, म्हणून छपराचा विचार आधी होतो. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. छप्पर उंच, कडा बाहेर काढलेल्या, बाजू उघड्या. उन्हाळ्यात पत्र्यावर चुना किंवा पाचट, त्यावर पाण्याचे फवारे. आणि पैसे असतील तर बंद शेड: एका टोकाला कागदी जाळीचे जाड पॅड, त्यांवरून सतत पाणी सोडलेलं, दुसऱ्या टोकाला मोठे पंखे. बाहेरची कोरडी हवा ओल्या पॅडमधून ओढली जाते आणि थंड होऊन आत येते.

ही कल्पनाही नवी नाही. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याच्या ताट्यांबद्दल लिहिलंय: वाळा भरलेले पडदे, त्यांवर पाणी शिंपडायचं, उन्हाळ्यात आत गारवा. पुढे इंग्रज साहेबांच्या बंगल्यांतही त्या ताट्या आल्या. बादशहाच्या दालनातली युक्ती चारशे वर्षांनी पोल्ट्रीच्या शेडमध्ये पोचली. दख्खनमध्ये ती चालते कारण इथला एप्रिल कोरडा असतो. मुंबईत किंवा कोकणात हवेतच इतकी ओल असते की पाणी वाळत नाही, आणि वाळल्याशिवाय गारवा मिळत नाही. तिथे नुसतं पाणी मारत राहिलं तर कोंबडीची धापही निकामी होते. तिथे वारा हवा.

परसातल्या कोंबडीसाठी मात्र संशोधनाने बहुतेक वेळा दुसरी वाट धरली. छप्पर तेच ठेवून कोंबडी बदलायची. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठातली गिरिराज, हैदराबादच्या संशोधन संस्थेतली वनराज या जाती गावातल्या हालअपेष्टांत तगाव्यात म्हणून घडवल्या. दिघीपासून फार लांब नाही त्या खडकीत पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तर थेट उष्णतेचाच विचार केला. काही देशी कोंबड्यांच्या मानेवर पिसंच नसतात आणि बाकी अंगावरही कमी असतात. त्यांच्या संकरातून 'हितकारी' तयार झाली. उलट्या, कुरळ्या पिसांच्या कोंबड्यांपासून 'उपकारी'. पिसं कमी किंवा विस्कटलेली असली की अंगातली उष्णता सहज निसटते. मान उघडी का राहते, याचं उत्तर २०११ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांना मिळालं: एका जनुकाजवळचा बदल, आणि मानेच्या कातडीत तयार होणारं अ जीवनसत्त्वापासूनचं एक द्रव्य, दोघं मिळून तिथली पिसं उगवूच देत नाहीत.

वाचताना मला हे फार हुशारीचं वाटलं. आज्जीला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"बिचारीनं पत्र्यापायी पिसं काढली व्हय?"

गच्चीवर

आम्ही कोंबडी बदलली नाही. खुराडं पुन्हा खाली, उरलेल्या अर्ध्या कडुनिंबाखाली नेलं आणि मांजरासाठी त्याला बारीक जाळी मारली. संध्याकाळी पाचपर्यंत तिथे सावली राहत नाही, म्हणून पश्चिमेच्या बाजूला गोणपाट टांगलं. ते दुपारी दोनदा भिजवायचं, पण समोरून आणि मागून वारा वाहता ठेवायचा. प्लॅस्टिकचा डबा गेला, मातीचं परळ आलं. दाणे उजाडताना आणि संध्याकाळी. दुपारी कोणी मलूल दिसली तर खायला द्यायचं नाही, पाणी पुढे ठेवायचं. एखादी फारच धापा टाकायला लागली तर तिचे पाय साध्या पाण्यात बुडवायचे, बर्फाच्या नाही. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी वेगळं करून न्हाणीचं साधं पाणी झाडाच्या बुंध्याशी सोडलं. पहिल्याच दुपारी पाचही जणी त्या चिखलात जाऊन बसल्या.

कॉलेजच्या प्रोजेक्टमधला तापमानाचा एक सेन्सर माझ्याकडे पडून होता. तो आधी गच्चीवर पत्र्याखाली टांगला, दुसऱ्या दिवशी खाली गोणपाटामागे. दोन्ही दिवस बाहेर साधारण सारखंच ऊन होतं. दुपारी तीनच्या आकड्यांत आठ अंशांचा फरक निघाला. मी तो मोठ्या उत्साहाने संध्याकाळी सगळ्यांना दाखवला.

पप्पा नुकतेच फर्स्ट शिफ्टवरून आले होते. ते भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये काम करतात. शर्टाच्या पाठीवर घाम वाळून मिठाचे पांढरे नकाशे उठले होते. माझ्या आठवणीत ते नकाशे दर उन्हाळ्यात असतात. मी त्यांच्याकडे कधी माहिती म्हणून बघितलं नव्हतं.

आज्जीने आकडा ऐकून घेतला. म्हणाली, "कोंबड्यांला गोणपाट बांधलंस, लई चांगलं केलंस. ह्याच्या डोस्क्यावरचा पत्रा कोण बघणार?"

पप्पा हसले. दुसऱ्या दिवशी मी तो सेन्सर पॉवर बँकेला जोडून त्यांच्या डब्याच्या पिशवीला बांधला. परत आला तेव्हा दुपारी तीनच्या आसपास त्यात ४५ च्या वरचा आकडा होता. बाहेर तेव्हा ४० होतं. मी तो आकडा त्यांना दाखवला.

"आम्हाला काय नवीन आहे त्यात?" ते म्हणाले. "मागच्या मे महिन्यात एक जण मशीनवरच बसला खाली. पाणी मारलं, उठला."

ते त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या तेराव्या कलमात लिहिलं होतं की भिंती आणि छप्पर अशा सामानाचे आणि अशा रचनेचे असावेत की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील. म्हणजे छपराबद्दल आज्जीला जे माहीत होतं, ते देशालाही स्वातंत्र्याच्या दुसऱ्याच वर्षी माहीत होतं. पण कायद्याने कारखाना म्हणवून घ्यायला कामगारांची ठराविक संख्या लागते. पप्पांच्या शेडमध्ये सात जण आहेत.

पप्पांनी मालकांना चुन्याचं विचारलं. चुना आणि सरस यांचे पैसे देतो, पण काम बंद ठेवणार नाही, रविवारी तुमचं तुम्ही करा, असं उत्तर आलं. एका रविवारी पप्पा आणि आणखी दोघं शिडी लावून वर चढले. मी खाली बादल्या भरून देत होते. अर्धा पत्रा पांढरा झाला. उरलेला इतका गंजलाय की त्यावर पाय ठेवायची सोय नाही. पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन गेला, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा अर्धाच मारला.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमची एकही कोंबडी मेली नाही. सेन्सर अजून खुराड्यालाच टांगलेला आहे आणि त्याचा आकडा माझ्या फोनवर येतो. एप्रिलमधल्या एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत पप्पांचा फोन आला.

"कोंबड्यांकडे आज किती?"

"सदतीस. तुमच्याकडे?"

"कोणाला माहीत. पांढऱ्या बाजूखाली बसून डबा खातोय."